हादऱ्याची खोली

लातूरच्या आमच्या विज्ञान संग्रहालयात या वर्षी तीन नवी दालनं उघडायची आहेत. संग्रहालय सरकारी नाही. बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात शिक्षक, डॉक्टर, आडते आणि दुकानदार यांनी मिळून ते उभं केलं. सुरुवातीला एक दुर्बीण होती आणि काचेच्या कपाटात काही भिंगं. आता रविवारी प्रयोगवर्ग भरतात, प्रयोगांचं सामान खेड्यांतल्या शाळांकडे न्यायला एक गाडी घेतली आहे आणि मागच्या गोदामाची भिंत पाडून जागा वाढवली आहे. पहिलं नवं दालन आकाशाचं, त्याला छोटा घुमट. दुसरं गोदावरीचं, त्यात विष्णुपुरीच्या धरणाची चालती प्रतिकृती आहे. दारं उचलली की खालच्या शिवारात पाणी कुठवर चढतं ते मुलांना दिसेल. तिसरं भूकंपाचं.

तिन्ही दालनांच्या पाट्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. नांदेडला एका दैनिकाच्या डेस्कवर माझी नोकरी झाली, त्यामुळे थोडक्यात लिहिता येतं असा माझ्याबद्दल समज आहे. महिन्यातून काही वेळा मी लोहा-अहमदपूर मार्गे एसटीनं लातूरला येतो.

भूकंपाच्या दालनात मधोमध एक खोली आहे. तिला दरवाजा नाही, तीनच भिंती आहेत. जमीन लाकडी फळ्यांची, फळ्यांखाली मोटारी. कडेनं लोखंडी कठडा. बटण दाबलं की जमीन हादरते. कागदावर खोलीचं नाव लांबलचक आहे. कामगार, समिती, सगळे तिला हादऱ्याची खोली म्हणतात. मोटारी चालू झाल्या की गोदामाच्या वाशांवरून डाळीची जुनी पिवळी भुकटी खाली येते. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, छत कितीदा झाडलं, तरी ती येते आणि कठड्यावर बसते. चौकीदार किल्लारीकडचा आहे. तो त्या खोलीकडे पाठ करून बसत नाही. खुर्ची फिरवून ठेवली तर पुन्हा फिरवून घेतो. त्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही.

माझी थोरली बहीण किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं घर गेलं आणि पाच वर्षांची मुलगी गेली. नवरा रानात होता म्हणून वाचला; तोही पुढे आजारपणात वारला. अक्का आता पुनर्वसनाच्या गावात मुलगा आणि सुनेजवळ राहते. मुलगा भूकंपानंतरचा. ओळीनं सारखी घरं, सरळ रस्ते. उन्हाळा असो, थंडी असो, अक्काचं अंथरूण उंबऱ्याशी असतं आणि दार उघडं. घरात कधी मांजर शिरतं, कधी कुत्रं. सून त्याला वैतागलेली आहे.

"भाऊजी, तुम्हीच सांगा यांना," या वेळी मी गेलो तेव्हा ती मला म्हणाली. सून मला मामा म्हणत नाही, भाऊजी म्हणते. तिला कितीदा सांगून झालं. "कुत्र्यानं दोनदा भाकरी नेली. दाराला कडी कशाला बसवली मग?"

"कुत्र्याला बी भूक हाय," अक्का म्हणाली. "तू झोप की आत. तुला कोण धरून राह्यलंय?"

त्या दिवशी दुपारी जेवताना मी नव्या दालनांचं सांगितलं. घुमटाचं ऐकून नातवंडं खूश झाली. धरणाचं सांगितलं. मग हादऱ्याच्या खोलीचं. अक्का ताटातलं वरण बोटानं गोळा करत होती. तिचा हात थांबला.

"खराखुरा हादरा येतो?"

"खऱ्याच्या मानानं फार कमी. दोन प्रकारचे आहेत, लहान आणि मोठा."

"सुरू कसा होतो?"

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. दोन्ही हादऱ्यांची सुरुवात बारीक थरथरीनं होते. लहान असला तर तिथेच विरतो. मोठा असला तर थोडं थांबून जोरात येतो.

मुलं उठून गेल्यावर ती बोलली. भूकंपाच्या बातम्या मी पुष्कळ हाताळल्या होत्या. अक्काकडून यातलं काही कधी ऐकलं नव्हतं.

भूकंपाच्या आधी वर्षभर त्या भागात लहान हादरे येत होते. पहिल्यांदा आले तेव्हा गाव अंगणात झोपायला लागलं. बाजा बाहेर आल्या, लेकरं, म्हाताऱ्या, सगळे बाहेर. काहीच झालं नाही. मग एकेक बाज आत गेली. पुढे हादरा आला की भांडी वाजायची आणि बायका म्हणायच्या, "पाहुणी आली." कुणी म्हणायचं, "चहा टाक गं." शेजारणी दगडी भिंतीपलीकडून एकमेकींना हाका मारायच्या, "तुमच्याकडं आली का? आमच्याकडं येऊन गेली." त्या रात्री अक्का जागी होती. मुलीला खोकला होता. जमीन थरथरली. फळीवरची ताटं वाजली. अक्काला वाटलं, पाहुणी. तिनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि तिच्याकडे तोंड करून पडून राहिली.

"मधी येळ व्हता," अक्का म्हणाली. "लई न्हाई. पर पोरीला उचलून भाईर पडाय पुरला असता. दार उघडंच व्हतं."

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"मला एकच बघायचंय. त्या थरथरीत वळखू येतं का, बारका हाय का मोठा. येत नसंल तर मग न्हाईच. आन् येत असंल—" ती उठली आणि ताट मोरीत ठेवून आली. "मला घेऊन चल तिकडं."

समितीनं त्या आठवड्यात खोलीची चाचणी ठेवलीच होती. आम्ही जीपनं लातूरला आलो. सगळ्या वाटेभर अक्का बाहेर सोयाबीनकडे बघत होती आणि कुणाचं रान चांगलं आलंय ते सांगत होती.

खोलीचं काम एका तरुण इंजिनियर मुलीकडे आहे. ती लोह्याची, चटपटीत, हसरी. मी तिला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं होतं. समितीचे खजिनदारही आले होते. कपाळावर विभूती, हातात दुकानाच्या किल्ल्या. मुलीनं नमुन्याला एकदा लहान हादरा लावून दाखवला. खजिनदार कठड्याला रेलून म्हणाले, "बस? आमच्या दुकानचं शटर वढलं की ह्याच्यापेक्षा जास्त हादरतं की ओ."

"थांबा काका, मोठा लावते," मुलगी म्हणाली. लावला तेव्हा खजिनदारांच्या किल्ल्या पडल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

अक्का चपला काढून फळ्यांवर गेली. फळीला हात लावून तो कपाळाला लावला, शेतात पाय ठेवताना बायका लावतात तसा. मग कठडा धरला आणि डोळे मिटले.

"बाई, मला सांगू नको कोणता लावतीस ते," ती मुलीला म्हणाली. "मी सांगते. मोठा यायच्या आधी सांगते."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

थरथर सुरू झाली. वाशांवरून भुकटी गळायला लागली. अक्का म्हणाली, "बारका." आणि जोराचा हादरा आला. तिचा पदर डोक्यावरून सरकला. मोटारी थांबल्यावर तिनं तो सारखा केला.

"अजून एक."

या वेळी ती म्हणाली, "मोठा." थरथर तिथेच विरली. पुढच्या वेळी पुन्हा चुकली. मी तिचा चेहरा बघत होतो. प्रत्येक चुकीबरोबर तो सैल होत होता. हे मी कल्पनेनं लिहीत नाही; खजिनदारांनीही नंतर तेच सांगितलं. तिच्या भुवया खाली आल्या, कठड्यावरची बोटं मोकळी झाली. आणखी एकदा चुकल्यावर ती चक्क हसली.

"न्हाई वळखू येत," ती म्हणाली. "गुमान येती भवानी."

"कुणालाच येत नाही आजी," मुलगी म्हणाली. "मी स्वतः बनवलंय, मला तरी कुठं कळतं? सुरुवात दोन्हींची एकच ठेवलीय. आता बसा तुम्ही, पाणी आणते."

तिथे थांबायला हवं होतं. अक्का कठडा सोडून दोन पावलं आलीही होती. मग ती वळली.

"एक शेवटचा लाव. मग चहा घिऊ."

मुलीनं बटण दाबलं. थरथर सुरू झाली. अक्कानं या वेळी कठडा धरला नव्हता, डोळेही नीट मिटलेले नव्हते. ती खजिनदारांच्या किल्ल्यांकडे बघत होती. सहज, दुसऱ्याच कामात असल्यासारखी ती म्हणाली, "मोठा हाय."

जमीन जोरात हादरली. मी तिला दंडाला धरलं. मोटारी थांबल्या तरी ती माझ्या हाताला धरून उभी होती.

"आला की वळखू," ती म्हणाली.

"आजी, तो योगायोग," मुलगी घाईनं पुढे आली. "छापा-काटा केला तरी कधीतरी बरोबर येतंच ना. इतक्या वेळा चुकलात, एकदा—"

"हाव, असंल."

"खरंच सांगते. मशीनमध्ये फरकच नाही. कळणार कशावरून?"

"हाव बाई," अक्का म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "तवा ध्यान दिऊन आईकत व्हते म्हणून चुकले. ध्यान न्हाई दिलं, तर आलं."

मी तिला म्हणालो, "अक्का, या खोलीची पाटी मी लिहिली आहे. पहिलंच वाक्य आहे, भूकंपाची आगाऊ खबर देता येत नाही. शास्त्रज्ञांनाही येत नाही."

"तू लिव्हलंस ते बराबरच असंल," ती म्हणाली.

खजिनदारांनी चहा मागवला. कुणीतरी घुमटाचा विषय काढला. उद्‌घाटनाला शाळांना बोलवायचं की पाहुण्यांना, यावर थोडा वाद झाला. अक्का बाकावर बसली होती. तिनं बशीत चहा ओतला, पण प्याली नाही. तिची नजर फळ्यांवर होती. भुकटी तिच्या खांद्यावर, पदरावर बसली होती आणि तिनं ती झटकली नव्हती.

निघताना चपला घालता घालता तिनं मुलीला विचारलं, "ही खोली लोकायला कवा उघडणार?"

"दिवाळी झाली की, आजी."

"एकाच माणसाला लई येळा येता येतं का?"

मुलीला बरं वाटलं असावं. सगळा वेळ ती काळजीत होती. "या की! रोज या. तुम्हाला तिकीट नाही. फक्त सोमवारी बंद असतं."

अक्का दारापर्यंत गेली आणि थांबली.

"सोमवारी का बंद ठिवता?" तिनं विचारलं.