बसकी जीप

माझ्या बाबांना बैल कळत होता, गाडी कळत नव्हती. एवढं एक वाक्य त्यांनी वेळेवर उच्चारलं असतं तर माझा गणिताचा पेपर बुडाला नसता आणि गावात माझं नाव खराब झालं नसतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं मला घरातले सांगतात. चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मी माझं बोलते.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. वडनेर भोलजीहून लोक यायचे आणि बाबांना बैलबाजारात घेऊन जायचे. बाबा नुसते दात बघून थांबत नसत. बैलाला खडकाळ जागेवर चालवायचे, भरल्या गाडीला जुंपायचे, चढावर उभा करून पुन्हा निघतो का ते बघायचे. मग विकणाऱ्यासमोर उभे राहून चार लोकांदेखत म्हणायचे, "आता खोड सांग." मारका असेल, बुजरा असेल, काम करता करता मध्येच खाली बसणारा बसका असेल, तर विकणाऱ्याने ते तिथंच सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. खोड लपवून विकणाऱ्याला पुढच्या बाजारात कुणी विचारत नसे.

असा हा माणूस अकोल्याला जाऊन नवी कोरी जीप घेऊन आला. कशी पारखली? दुकानदाराने डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून आणली, चहाबरोबर बिस्किटं दिली, गाडीला झेंडूचा हार घातला. बाबांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, छाती रुंद आहे. झाली पारख! ना चढ, ना खडक, ना ओझं. खोड सांग म्हणायला यांची जीभ कुठं गेली होती, हे मी आजही विचारते. हेच आम्हाला ते नंतर कौतुकाने सांगायचे, म्हणून मला माहीत.

पहिला महिना गावाने जीपची आरती तेवढी करायची बाकी ठेवली होती. मग ती रंग दाखवायला लागली. सकाळी थंड असली की सुरू होईना आणि तापली की चालेना. मधल्या ज्या वेळात ती चालायची त्या वेळात आम्हाला कुठं जायचं नसायचं. दुकानदार म्हणाला, नवीन आहे, रुळेल. बाबांनी ते वाक्य झेललं आणि घरी आणून आपलं केलं. "नवा गोऱ्हा हाये तो. लगेच रुळते काय?" एकदा माय म्हणाली, "वापस द्या ना मंग. बैल असता तं दिला नसता काय?" त्यावर ते दोन दिवस मायशी बोलले नाहीत. बाबांना पस्तावा झाला होता, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. रोज संध्याकाळी ते जीप पुसत बसायचे आणि तिच्याकडे बघायचं टाळायचे. पण ज्याची पारख चुकली त्याच्या ओट्यावर बैलासाठी कोण येणार? त्या ओट्यासाठी त्यांनी सगळं केलं, आणि त्याची किंमत मी दिली.

त्या मार्चात मी मॅट्रिकला होते. बाबांनीच ठरवून दिलं होतं, "पास झाली तं अकोल्याले मास्तरीण व्हायले पाठवतो. नाई तं औंदा लगन." मास्तरीण होणं म्हणजे माझ्यासाठी त्या घराचं दार उघडणं होतं. मी वर्षभर कंदिलाशी डोकं लावून बसले होते. परीक्षा खामगावला. गावातली बाकीची मुलं एस.टी.ने जाणार होती. मायनं सांगून पाहिलं, "पोरीलेबी येष्टीनं जाऊ द्या."

"घरी गाडी असताना माही पोरगी येष्टीत उभी राहीन काय?" बाबा म्हणाले.

पहिले दोन पेपर जीप व्यवस्थित घेऊन गेली, आणि तेच वाईट झालं. माझाही विश्वास बसला.

तिसरा पेपर गणिताचा. अर्ध्या वाटेवर नाल्याचा चढ आहे, तिथं जीप दोनदा खोकली आणि बसली. बाबा उतरले, बॉनेट उघडलं, पाणी ओतलं, फडकं मारलं. मी उतरून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागून एस.टी. येत होती. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने आपणहूनच गाडी हळू केली. खिडकीतून माझ्या वर्गातली मुलं बघत होती. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं पाटील? पोरीले तरी द्या पाठवून. जागा हाये."

"बाबा, मी जातो ना येष्टीनं," मी म्हटलं. "माहा पेपर हाये."

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी बसकडे हात केला आणि पुढे जा, पुढे जा, असा दोनदा हलवला. "जाऊ द्या, जाऊ द्या. होऊन राह्यली चालू."

बापाचा शब्द मोडून पाय उचलणारी पोरगी तेव्हा आमच्या घरात जन्मली नव्हती. एस.टी. चढ चढून गेली. अर्धी रिकामी होती. तो हात मी आयुष्यात विसरले नाही.

जीप निघाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शाळेच्या फाटकाशी पोचलो तर आत सगळीकडे शांत. परीक्षेवरच्या साहेबांनी सांगितलं, इतक्या उशिरा बसता येत नाही. मला वाटलं, आता तरी बाबा माझी बाजू मांडतील. ते हात जोडून साहेबांना काय म्हणाले असतील? "गाडी नवीच हाये साहेब, तिचा काई दोष नाई." माझं वर्ष फाटकाबाहेर उभं होतं आणि माझा बाप जीपची वकिली करत होता.

याहून वाईट पुढेच झालं. संध्याकाळी ओट्यावर लोक जमले. मी आत चुलीपाशी होते, दार उघडं होतं. कुणीतरी विचारलं, "पोरीचा पेपर काऊन हुकला?" एस.टी.तल्या मुलांनी काही सांगायच्या आत बाबा बोलून गेले, "तिले वाटेत चक्कर आली. म्हणून थांबा लागलं."

मला! मला चक्कर! मी हातातली पिठाची काटवट आपटली. मायनं माझं मनगट धरलं आणि डोळ्यांनीच गप्प बसवलं. पोरांचं सांगणं पाटलाच्या शब्दापुढे टिकलं नाही, आणि चार दिवसांत गावाने चक्करचं फीट येणं केलं. मे महिन्यात जे मला बघायला येणार होते त्यांनी निरोप धाडला की येत नाही. स्थळ गेलं याचं मला सुतक नव्हतं. पण बाजारात बैलाच्या अंगावरची खोड लपवणाऱ्यावर थुंकणारा माणूस जीपची खोड स्वतःच्या पोरीच्या अंगावर घालतो, याचा संताप मला झोपू देत नव्हता. निकाल लागला. गणितात गैरहजर, म्हणून नापास.

पाऊस सुरू झाला तसं जीप विकायचं निघालं. वडनेर भोलजीचा एक जुना ओळखीचा शेतकरी बघायला आला. त्याच्या दावणीचे चारही बैल बाबांनी निवडून दिलेले. गावातले पाचसहा जण ओट्यावर बसले होते. मी चहा घेऊन बाहेर आले. पाहुण्याने जीपभोवती फेरी मारली आणि सवयीने म्हणाला, "हं. आता खोड सांगा पाटील."

बाबांनी घसा खाकरला. "खोड काई नाई. थोडं पाणी जास्त पिते."

मी चहाचं ताट खाली ठेवलं.

"एक राह्यली बाबा. मार्चात चक्कर मले नव्हती आली. जीपले आली होती."

माय दारात येऊन उभी राहिली. बाबा माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी चढावर बघायला हवं होतं, तसं. मला वाटलं, आता हात उठणार. मी जागची हलले नाही.

मग ते पाहुण्याकडे वळले. "खरं बोलून राह्यली ते. बसकी हाये. चढावर बसते." आणि थोडं थांबून, "पोरीले काई झालं नव्हतं."

पाहुण्याने चहा प्याला आणि तो निघून गेला. जीप कुणी घेतली नाही; काही वर्षांनी ती एका भंगारवाल्याने ओढून नेली. त्या रात्री बाबा जेवले नाहीत आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेला बसतेस का, हे त्यांनी मायकरवी विचारलं. गणिताच्या पेपरच्या दिवशी ते माझी पिशवी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर आले. अर्धं गाव तिथं उभं होतं, सगळ्यांदेखत ते माझ्या शेजारी उभे राहिले. एस.टी. वळणावर दिसली. थांबा तिचाच, ती थांबणारच होती. तरी बाबा दोन पावलं रस्त्यात गेले आणि त्यांनी हात वर केला, आणि बस पूर्ण थांबेपर्यंत तो खाली घेतला नाही.

मी पास झाले, मास्तरीण झाले, वर्गावर उभी राहून माणसासारखी जगले. त्या दिवशी थांब्यावर त्यांना तसा हात वर करून उभं बघून मायला रडू आलं होतं म्हणे. मला रडू आलं नाही. मला रागच आला. मार्चातही नुसता हात तर वर करायचा होता.