तांबडे आणि पांढऱ्या पायाचा मी

२००१ च्या उन्हाळ्यात मी कोल्हापूरच्या स्टँडसमोर, मुंबईच्या खाजगी बसेस सुटतात तिथं, पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज घालून उभा होतो. अमेरिकेला जाणाऱ्यानं पांढरे शूज घ्यायचे असतात, असा आमच्या ऑफिसात एक नियमच पडला होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आई डोळ्यांना पदर लावून उभी होती. बायको वैशाली आणि चार वर्षांची मुक्ता मागाहून येणार होत्या, म्हणून त्या दोघी रडायचं की हसायचं या गोंधळात होत्या. आणि आबा, म्हणजे माझे वडील, काहीतरी बोलायचं म्हणून पुढं आले.

मुलाला परदेशी धाडताना बाप काय काय सांगतो! तब्येत सांभाळ, वेळेवर जेव, वाईट संगत धरू नकोस. मी वाकून नमस्कार केला आणि वाट बघत राहिलो. आबांनी माझ्या बुटांकडं बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "तिकडं जाऊन मॅच बघू नकोस."

बस सुटली.

आता तुमच्यापैकी जे कोल्हापूरचे त्यांना हे माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही, तो पत्ता आहे. तुम्ही कुठल्या पेठेचे आणि कुठल्या तालमीचे, हे कळलं की तुमची टीम कुठली हे विचारावं लागत नाही. आबा फाउंड्रीत फोरमन, पण त्याआधी ते तालमीच्या टीमचे गोलकीपर होते. गुडघा गेला, तेव्हा खेळ सुटला. नेमके त्याच सुमारास माझे मामा, जे मालवाहू जहाजावर नोकरीला होते, इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरावरून एक लाल लोकरी मफलर आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा घेऊन आले. झालं. गुडघ्यासकट बसलेला गोलकीपर त्या बंदराच्या क्लबचा होऊन गेला. क्लबचं नाव मी इथं सांगत नाही, कारण आमच्या घरात ते कुणी घेतलंच नाही. "आपले तांबडे" एवढंच. कोल्हापुरात तांबडा म्हटलं की रस्सा, हे जगाला माहीत. आमच्या घरी तांबडा म्हटलं की आधी विचारावं लागे, वाटीतला की मैदानातला?

तांबड्यांचा सुवर्णकाळ हेच आमच्या घरचं कॅलेंडर होतं. पहिल्या सुवर्णकाळात आबांचं लग्न झालं. दुसऱ्या सुवर्णकाळात, म्हणजे तांबडे युरोपचा सगळ्यात मोठा कप उचलून उचलून दमले त्या वर्षांत, आबांनी मागच्या दोन खोल्या बांधल्या आणि मी शाळेत गेलो. हे सगळे कप आमच्या घरी रेडिओवरून आले. शॉर्टवेव्हवर खरखरत निकाल यायचा, तेवढाच. गोल कसा झाला ते रेडिओ सांगत नसे. ते आबा सांगत. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ते न बघितलेली मॅच अशी रंगवायचे की मैदानावर पाऊस होता की चिखल, हेसुद्धा लोक त्यांनाच विचारत.

मग घरात केबल आली, आणि मी टीव्हीसमोर बसलो. सुवर्णकाळ त्याच दिवशी संपला.

हा योगायोग होता असं माझं मत आहे. घरात दुसऱ्या कुणाचंही नव्हतं. मी बसलो की तांबड्यांवर गोल, पाणी प्यायला उठलो की बरोबरी, परत आलो की पेनल्टी. एकदा तर मी नुसतं दारातून डोकावलो आणि आमचा बिचारा बॅक स्वतःच्याच गोलात बॉल मारून मोकळा झाला. आबांनी मान न वळवता निकाल दिला, "पांढऱ्या पायाचं कार्टं आहे हे." सासरी आलेल्या सुनेला हा शब्द लावतात तेव्हा तिचं काय होत असेल, ते मला तेव्हापासून कळतं. माझी नेमणूक झाली खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. तिथं बसून मी आवाजावरून स्कोअर ओळखायला शिकलो. मांडीवर थाप म्हणजे गोल हुकला. नुसतीच शांतता म्हणजे खाल्ला. आणि आईनं "अहो, हळू!" म्हटलं की आपला झाला.

तर असा मी, पांढऱ्या पायांत पांढरे बूट घालून अमेरिकेतल्या एडिसन गावी येऊन पडलो.

कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये आम्ही पाचजण होतो, पुण्याचे, मुंबईचे, एक नागपूरचा, आणि सगळेच बेंचवर. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: व्हिसा आहे, कंपनी आहे, प्रोजेक्ट नाही, म्हणजे बेंच. फुटबॉलमध्येही बेंच असतो, पण तिथं निदान मॅच बघायला मिळते. दिवसभर रेझ्युमे पाठवायचे, संध्याकाळी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत जाऊन दुसऱ्यांची खरेदी बघायची. आणि रविवारी सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून, तो लांबलचक पिन दाबून घरी फोन करायचा.

फोन आई उचलायची, "जेवलास का?" विचारायची, आणि रिसीव्हर आबांकडं जायचा. मग आबा मॅच सांगायचे. आधीच्या दिवशीची, पहिल्या शिट्टीपासून. मी इकडं बघायची नाही हे ठरलेलंच होतं, आणि टीव्ही तरी कुठं होता? ज्या आठवड्यात माझा एक इंटरव्ह्यू आयत्या वेळी कॅन्सल केला गेला आणि परत पाठवतात की काय अशी अवस्था झाली, त्या रविवारी मी घरी काहीच बोललो नाही. पण आबांनी एकच गोल दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना त्यात त्यांनी आणखी एक डिफेंडर चकवला. मला बरं वाटलं. कशामुळं, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पुढं प्रोजेक्ट मिळाला, वैशाली आणि मुक्ता आल्या, आम्ही आमचं अपार्टमेंट घेतलं. रविवारचा फोन चालूच राहिला. वैशाली नागपूरची. ती कपाळावर हात मारून म्हणायची, "हे बाप-लेक बोलून राहिले का कॉमेंट्री करून राहिले?" कधीकधी आबा मध्येच म्हणत, "तू गेलास आणि तांबड्यांना बरकत आली बघ." मी हसायचो. फोन ठेवला की मात्र हसू राहायचं नाही. तिशी ओलांडलेला, बायको-मुलीचा, ग्रीन कार्डच्या रांगेतला माणूस मी, आणि मनात एकच खुळचट प्रश्न: मी गेलो म्हणून माझ्या बापाला खरंच सुटल्यासारखं वाटलं असेल का? हे कुणाला विचारणार? आबांना तर नाहीच. आमच्यात मॅच सोडून दुसरं बोलणं कधी झालं होतं?

२००५ च्या वसंतात आई-आबा पहिल्यांदा आमच्याकडं आले. आई आठवड्याभरात एडिसनची होऊन गेली. देशी दुकानात भेंडी निवडता निवडता तिनं तीन मैत्रिणी जोडल्या, आणि अपार्टमेंटमधली सगळी पोरं तिला आजी म्हणायला लागली. आबांचं काही जमेना. "हातानं खेळतात आणि फुटबॉल म्हणतात?" हा इथल्या फुटबॉलवरचा त्यांचा पहिला आक्षेप, आणि तो अखेरपर्यंत टिकला. दिवसभर खिडकीत बसायचे. एके दिवशी म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ." मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही. इथं करमंना." मला वाटलं, आलं. फोनवर बरा होतो मी. समोर आल्यावर पुन्हा पांढऱ्या पायाचा झालो.

आणि त्याच दिवसांत, कितीतरी वर्षांनी, तांबडे युरोपच्या फायनलला पोचले. समोरची टीम इटलीची, आणि त्या दिवशी तिची जर्सी पांढरी. आबांनी घोषणा केली, "आज घरात पांढरा रस्सा होणार नाही." आईनं मुकाट्यानं तांबडा ठेवला.

मॅच इकडच्या दुपारी. मी ऑफिसात रूट कॅनल सांगून घरी थांबलो, कारण टीव्हीचे तीन रिमोट आबांना चालवता येत नव्हते. टीव्हीकडं पाठ करून चॅनल लावला आणि मळक्या कपड्यांची बास्केट उचलून बिल्डिंगच्या तळघरात, लाँड्री रूममध्ये जाऊन बसलो. बरोबर आमच्या हॉलच्या खाली. कट्टा बदलला होता, नेमणूक तीच.

जिना उतरेपर्यंत वरून "अरारारा!" ऐकू आलं. मॅच सुरू होऊन मिनिट झालं असेल. मशीन घरघरत होतं, मी वर कान लावून बसलो होतो. मांडीवर थाप नाही. आईचं "अहो, हळू!" नाही. नुसती शांतता, आणि थोड्या वेळानं आणखी घट्ट शांतता. ती शांतता मला पाठ होती. कपडे ड्रायरमध्ये टाकले, काढले, घड्या घालायला घेतल्या. आबांचं धोतर, मुक्ताचे फ्रॉक, माझे ऑफिसचे आणि जिमचे ढीगभर मोजे. इतक्यात मुक्ता धावत खाली आली. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

"बाबा, आबा वाँट्स यू अपस्टेअर्स. ही सेज यू आर नॉट गिल्टी."

वर गेलो. हाफ टाइम झाला होता. पांढरे तीन, तांबडे शून्य. आबा गळ्यात तो जुना मफलर घालून बसले होते, मे महिन्यात, घामाघूम. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू नसताना तीन खाल्ले. म्हणजे तुझ्यामुळं नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कधीच नव्हतं बहुतेक. ये, बस."

मी बास्केट ठेवून सोफ्याच्या कडेला टेकलो. आबांची नजर खाली गेली. "आधी ते पांढरे मोजे काढ!"

काढले. अनवाणी बसलो. आबांनी आपणहून शेजारी बोलावून तांबड्यांची मॅच बघू द्यायची, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि टीम तीन गोलनी मागं होती. मनात म्हटलं, आता आणखी काय बिघडणार आहे?

पुढचं तुम्हाला माहीत असेल. नसेल तर कुणालाही विचारा, ज्यानं बघितलंय तो सांगितल्याशिवाय राहायचा नाही. पहिला गोल झाला, तेव्हा आबांनी माझा गुडघा धरला. दुसरा झाला, तेव्हा तो धरलेलाच होता. तिसरा झाला आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, हळू! शेजारी गोरे राहतात!" अवघ्या काही मिनिटांत तीन. मग जादा वेळ, मग पेनल्टी. तांबड्यांचा गोलकीपर लाइनीवर पाय लटपटवत असा काही नाचत होता की समोरचा पांढरा चक्रावून जावा. जुना गोलकीपर उठून टीव्हीसमोर तसाच नाचला, गेलेल्या गुडघ्यासकट. जिंकलो. मुक्ताला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी ती आबांबरोबर नाचली.

मला तांबडे जिंकल्याचा आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे छातीवरचा दगड उतरल्यावर जे वाटतं, ते वाटत होतं. पंधराएक वर्षांची केस एका हाफ टाइममध्ये निकालात निघाली होती.

जेवताना, रस्सा भुरकता भुरकता, मी धीर करून विचारलं, "आबा, मग आता मी मॅच बघितली तर चालेल?"

"बघ की. तुला कुणी अडवलंय?"

"तुम्हीच! स्टँडवर. बस सुटताना."

आबांनी वाटी खाली ठेवली. "आरं खुळ्या, तू इथं टीव्हीवर सगळं बघितलं असतंस तर रविवारी माझ्याशी बोलला असतास काय? बरा आहेस का, बरा आहे. ठेवू का, ठेव." आणि रश्श्याची वाटी पुढं करून म्हणाले, "वाढ."

आई मला वाढता वाढता म्हणाली, "दुसरं काही बोलता कुठं येतंय त्यांना? बस गेल्यावर तासभर तिथंच उभे होते."

मी खाली मान घालून जेवलो. रस्सा तिखट होता, त्याचा फायदा झाला.

"म्हणजे मी पांढऱ्या पायाचा नाही ना?" मी विचारलं.

"ते आहेसच," आबा म्हणाले. "पण ते चालतंय."

तिकीट बदलायचं राहून गेलं. सहा महिने भरेपर्यंत आबा राहिले, आणि जाताना मुक्ताला बॉल अडवताना कसं पडायचं, ते शिकवून गेले.

दोन वर्षांनी तांबडे पुन्हा फायनलला गेले, समोर पुन्हा तेच पांढरे. मी इकडं सोफ्यावर अनवाणी, आबा तिकडं मफलर घालून. हरलो. शिट्टी वाजली आणि मीच फोन केला, कॉलिंग कार्ड न खरवडता, कारण आता सेलवरून थेट लागतो. म्हटलं, "आबा, मी बघत होतो."

"मीपण बघत होतो," आबा म्हणाले. "अर्धा दोष तुझा, अर्धा माझा. झोप आता." इकडं दुपार होती, तरी मी "झोपतो" म्हटलं.

माझं घर कुठलं, असं हल्ली इथल्या पार्ट्यांत लोक एकमेकांना फार विचारतात, विशेषतः ग्रीन कार्ड हातात आल्यापासून. कोल्हापूर म्हणावं तर तिथल्या खोलीत आता आईचे डबे आहेत. एडिसन म्हणावं तर अजून जीभ अडखळते. मी आता सगळ्या मॅच बघतो, शनिवारी सकाळी, मोजे काढून. आणि रविवारी आबांना फोन करतो. ते पहिल्या शिट्टीपासून मॅच सांगायला लागतात, आणि आदल्या दिवशी मी डोळ्यांनी बघितलेल्या गोलमध्ये आणखी एक डिफेंडर चकवतात. मी म्हणतो, "काय सांगता, आबा! मग पुढं?"