एर्मेलिंडाचा तक्ता

१० ऑक्टोबर २०१८, बुधवार. बदाम झाडण्याचं काम अजून चालू, हवेत धूळ. खिडक्या बंद ठेवल्या. टपालात मतपत्रिका आली, दोन्ही बाजूंनी छापलेली, शिवाय रंगीत कार्डांचा ढीग. एक कार्ड जोआकिमच्या नावानं. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण उमेदवार त्याला विसरत नाहीत. दुपारी केलच्या पाल्याचं सूप केलं, थोडं शेजारच्या व्हर्नाला दिलं. तिचा खोकला तसाच. संध्याकाळी तक्त्याच्या रेघा आखून ठेवल्या.

हा तक्ता एर्मेलिंडा बेटनकोर्ट गेली कित्येक निवडणुका करत होती. जेवणाच्या टेबलावर मोठा पांढरा कागद पसरायचा. डावीकडे एकाखाली एक सगळे उमेदवार आणि लोकांच्या मताला टाकलेले प्रस्ताव. वर आडवे रकाने: दोन्ही पक्ष, गावातलं वर्तमानपत्र, शिक्षक, अग्निशामक दल, दूधवाल्यांची संघटना, बिशपचं कार्यालय आणि असेच बाकीचे. कोण कोणाच्या पाठीशी उभं आहे, कोणत्या प्रस्तावाला कोण ‘हो’ म्हणतं आणि कोण ‘नाही’, ते ज्याच्या त्याच्या रकान्यात जायचं. ऐकीव काही लिहायचं नाही. डोमिनिकन सिस्टरांच्या शाळेत नकाशे काढताना लागलेलं ते वळण होतं. नदी जिथून वाहते तिथूनच काढायची, आपल्याला बरी दिसेल तिथून नाही.

तिचं स्वतःचं मत मात्र त्या कागदावर कधी नसायचं. कोणी विचारलं तर ती मान हलवायची. कारण तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लग्न होऊन ती बेटनकोर्टांच्या गोठ्यावर आली, त्या वर्षी मतदानाच्या आदल्या रविवारी सासरे सोपासच्या मटण-पावाच्या रश्शाचं पातेलं बाजूला सारून टेबलाच्या टोकाला बसले. त्यांनी नमुन्याच्या मतपत्रिकेवर निळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या आणि ती सगळ्या सुनांपुढे फिरवली. “अश्शी,” ते म्हणाले. बायकांनी अश्शी केली. एर्मेलिंडानंही केली. परत येताना गाडीत तिला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की तिनं स्वतःशी ठरवलं, जन्मात कोणाच्या मतपत्रिकेवर आपलं बोट टेकवायचं नाही.

नवरा, जोआकिम, गेल्यावर ती गोठा सोडून ऑलिअँडर पार्क नावाच्या वसाहतीत राहायला आली. तिथली घरं नावालाच फिरती. चाकं कधीच गंजून जमिनीत रुतलेली. घर आपलं, खालची जमीन मालकाची, आणि जमिनीचं भाडं मालकाच्या मर्जीनं. जुना मालक म्हातारा होता आणि भाडं वाढवताना त्याला लाज वाटायची. त्याच्या मुलांनी पार्क लॉस एंजेलिसच्या कुठल्याशा कंपनीला विकलं. त्यांना लाज वाटण्याचं कारण नव्हतं, त्यांनी इथली माणसं पाहिलीच नव्हती.

म्हणून त्या वर्षी प्रस्ताव एम आला. वर्षाला भाडं किती वाढवता येईल त्याला गावानं हद्द घालायची, एवढंच त्यात होतं. व्हर्ना टटलसाठी सगळं त्यावर अडलं होतं. उभं आयुष्य पीच डबाबंद करणाऱ्या कॅनरीत पट्ट्यापुढे उभं राहून काढलेली बाई. पेन्शन येई ती अर्धी जमिनीच्या भाड्यात जाई, उरलेली औषधात. “अजून एक वाढ झाली ना लिंडा,” ती म्हणायची, “की मी, माझं मांजर आणि हे माझं पत्र्याचं डबडं, तिघं रस्त्यावर. त्यातलं डबडं तर हलायचंही नाही.”

तिसऱ्या दिवशी टपालात आणखी एक कार्ड आलं. जाड, गुळगुळीत. वर एका पिकल्या केसांच्या बाईचा हसरा फोटो आणि मोठ्या अक्षरात ‘ज्येष्ठांचा मतदार मार्गदर्शक’. खाली ओळीनं नावं. प्रस्ताव एमपुढे लिहिलं होतं: नाही. आणि त्या ‘नाही’ला चिकटून एक चांदणी. एर्मेलिंडानं भिंग लावून तळाची ओळ वाचली. ज्या नावापुढे चांदणी आहे त्यानं या कार्डावरच्या जागेचे पैसे मोजलेले आहेत. ज्येष्ठांची अशी कुठली संघटना नव्हतीच. कार्ड छापणाऱ्याचा पत्ता म्हणजे नुसता पोस्ट बॉक्सचा क्रमांक होता.

ती बराच वेळ पेन हातात धरून बसली. कार्ड सोडून द्यावं तर आपण निवड केली असं होईल. मग सासऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय? तिनं नवा रकाना आखला, वर ‘ज्येष्ठ’ लिहिलं, प्रस्ताव एमपुढे ‘नाही’ लिहिलं, चांदणी काढली आणि कागदाच्या तळाशी बारीक, नीटस अक्षरात टीप दिली: चांदणी म्हणजे पैसे देऊन घेतलेली जागा. जसं होतं तसं सगळं उतरलं. तिला समाधान वाटलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी पार्कच्या क्लबघरात नेहमीप्रमाणे माणसं जमली. तक्ता भिंतीला टाचला. वुडी प्रुइटनं त्याच्या आधीच छायाप्रती काढून शेजारच्या दोन पार्कांत आणि चर्चच्या दालनात वाटल्या होत्या. वुडी म्हणजे जन्मभर ट्रक चालवलेला, गुडघे गेलेला, तोंड शाबूत असलेला माणूस.

“या, या, मंडळी! बेटनकोर्टबाईंचा धर्मग्रंथ लागलाय भिंतीला. चष्मे काढा, कवळ्या बसवा!”

“कवळी कशाला रे मतं द्यायला?”

“दात-ओठ खाऊन द्यायची असतात गं मतं!”

हसणं सुरू असतानाच एर्मेलिंडा स्वयंपाकघरात गेली. हीही तिची रीत. लोक खुणा करत असताना ती कॉफी उकळत आत थांबायची, म्हणजे कोणी तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायला नको. गोड पाव कापत असताना व्हर्ना दारात आली. हातात मतपत्रिका, नाकावर चष्मा.

“लिंडा, ते ‘एम’चं जरा सांग ना. माझं डोकं चालेना.”

“तक्त्यावर आहे की सगळं.”

“आहे गं, पण माझ्या जागी तू असतीस तर?”

“मी तुझ्या जागी नाही, व्हर्ना.”

“अगं, किती ते सोवळं! मी काय पोलिसांत जाऊन सांगणार आहे?”

“मी कोणालाच सांगत नाही. तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे बाई, माहीत आहे.” व्हर्ना खोकली, पावाचा तुकडा उचलला आणि परत गेली. खालची टीप वाच, एवढं म्हणायला एर्मेलिंडाचं तोंड उघडलं होतं. मग तेही सांगणंच होईल असं वाटून तिनं ते मिटलं.

संध्याकाळी वुडीनं सगळी बंद पाकिटं पिशवीत गोळा केली आणि फाटकाजवळच्या टपालपेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कपडे वाळत घालत होत्या. व्हर्ना खुशीत होती. “सुटले एकदाची. अगं, मी ‘हो’च करणार होते, तुझ्या तक्त्यानं वाचवलं. आपल्या म्हाताऱ्यांची संघटनाच ‘नाही’ म्हणतेय म्हटल्यावर त्या ‘एम’मध्ये काहीतरी खोट असणारच. हे कायदे असेच असतात, वरून गोड.”

एर्मेलिंडाच्या हातातली चादर खाली धुळीत पडली.

“तू ‘नाही’ केलंस?”

“मी काय, आमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी केलं.”

“खालची टीप? चांदणीची?”

“कुठली चांदणी? ती तू शोभेला काढलीस ना?”

एर्मेलिंडा चप्पल न बदलता फाटकाकडे गेली. टपालपेटीपाशी उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टपालाची गाडी आली. डोलोरेस, गेली काही वर्षं हीच मुलगी यायची, तिनं पेटी उघडून पाकिटं ट्रेमध्ये ओतली.

“यातलं एक पाकीट मला परत हवंय. मैत्रिणीचं आहे. ती येऊन स्वतः सांगेल.”

“मिसेस बेटनकोर्ट, तुमच्यासाठी मी दारात पार्सल आणून देते, कुत्रं अंगावर आलं तरी देते. पण हे नाही. पेटीत पडलं की ते कोणाचंच नसतं.”

“अगं, चूक झाली आहे त्यात.”

“चूक आहे की नाही ते मला कसं कळणार? पाकीट बंद आहे.” मग तिचा आवाज खाली आला. “जा घरी. ऊन लागेल.”

निवडणूक कचेरीतल्या बाईनं फोनवर अगदी नम्रपणे विचारलं, मतपत्रिका सही करून पाठवली आहे ना? मग ते मत पडलं. दुसरी देता येत नाही.

त्या दुपारी एर्मेलिंडानं आयुष्यभर पाळलेलं व्रत मोडलं. ज्यांची पाकिटं अजून घरात होती त्यांची दारं तिनं एकेक करून वाजवली. “ते कार्ड खोटं आहे. पैसे घेऊन छापलंय. ‘एम’ला ‘हो’ करा. मी सांगते, ‘हो’ करा.” आपलाच आवाज तिला परका वाटत होता.

काहींनी बरं म्हटलं आणि दार लावलं. एकीनं विचारलं, “तुझं बरं आहे ना गं?” वुडी मात्र ओट्यावरच्या खुर्चीतून उठला नाही.

“इतकी वर्षं पाया पडलो तरी तोंडातून शब्द काढला नाहीस. आणि आज घरोघर हिंडतेस? कोणी पाठवलं तुला?”

“कोणी कशाला पाठवेल, वुडी?”

“तेच विचारतोय. आजवर चांदणी नव्हती तुझ्यावर, आज लागलेली दिसतेय.” तो हसला. त्याला तो विनोद आवडला होता. संध्याकाळपर्यंत तो पार्कभर झाला.

शेजारच्या पार्कातून फोन आला. तिकडच्या बाईनं तक्त्याबद्दल आभार मानले. आमच्याकडच्या सगळ्यांनी कालच पाकिटं पाठवून दिली हो, ती म्हणाली. एर्मेलिंडानं फोन ठेवला. बैल गेला होता, आता झोपा कुठे बांधायचा?

मोजणी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या पुढेही चालली. प्रस्ताव एम पडला. फार मतांनी नाही. त्यातली किती त्या कागदापायी गेली हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि एर्मेलिंडाला त्यातलं एकच मत ठाऊक होतं. ती रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जायची, पण पापं कबूल करायला, कन्फेशनला, उभी राहायची नाही. काय सांगणार? जे होतं ते तसंच्या तसं उतरवलं, हे पाप कुठल्या यादीत बसतं ते तिला ठरवता येईना.

जानेवारीत प्रत्येक दाराखालून कंपनीचं भाडेवाढीचं पत्र आत सरकलं. व्हर्नानं ते दोनदा वाचलं आणि फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवलं, जणू दंतवैद्याची तारीख. महिनाभर तिनं घर विकायचा प्रयत्न केला. जुनं घर विकत घेऊन असलं भाडं कोण भरणार? शेवटी कंपनीनंच ते उचललं, मोडून काढायचा खर्च वजा करून. व्हर्नाचा मुलगा नेवाडात होता. त्याच्या गॅरेजमध्ये पलंग मावत होता. मांजर मावत नव्हतं, सुनेला शिंका यायच्या.

तो न्यायला आला त्या दिवशी कडक थंडी होती. सामान गाडीत चढत होतं आणि दोघी पायरीवर बसल्या होत्या.

“मांजर ठेवशील ना?”

“ठेवते.”

“मासे देऊ नकोस तिला. लाडावते.”

“नाही देणार.”

व्हर्ना खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, “एक बोलू? रागावू नकोस. मी त्या कार्डावर नव्हता विश्वास ठेवला. कार्डं काय, ढिगानं येतात, मी त्यांवर बटाटे सोलते. तुझ्या हातचं अक्षर होतं म्हणून ठेवला.”

एर्मेलिंडानं पायरीवरची धूळ हातानं झाडली.

“तू नुसतं ‘हो’ कर म्हणाली असतीस ना, तर डोळे मिटून केलं असतं.”

“तेच तर मला नको होतं गं. डोळे मिटून.”

“मग माझे उघडे ठेवून काय झालं?” व्हर्नानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला उठवलं. हात काढायला तिनं थोडा वेळ लावला. मुलानं हॉर्न वाजवला. ती गाडीत बसली आणि लगेच पट्टा शोधायला खाली वाकली, त्यामुळे हात हलवायचा राहून गेला.

दुसऱ्या आठवड्यात दोन माणसं आली आणि त्यांनी घराचे पत्रे उचकटले. आतला गुलाबी वॉलपेपर दिवसभर उघड्यावर फडफडत होता. वुडी ओट्यावर बसून बघत होता. एर्मेलिंडा समोरून गेली तेव्हा त्यानं टोपीला हात लावला, विनोद केला नाही. त्यालाही तेच पत्र आलेलं होतं.

वसंतात शाळेच्या मंडळाची निवडणूक आली. चर्चमधली एक बाई तक्ता कधी मिळेल म्हणून विचारायला आली. एर्मेलिंडानं तिला कॉफी दिली आणि यंदा जमणार नाही असं सांगितलं. बाईनं कारण विचारलं नाही, फक्त म्हणाली, मग आम्ही कोणाचं बघून करायचं? एर्मेलिंडानं तिचा कप पुन्हा भरला. बाई गेल्यावर तिनं कप विसळले, टेबल पुसलं आणि रोजच्यासारखी रोजनिशी लिहायला बसली. हवा लिहिली, कोण आलं गेलं ते लिहिलं. शेवटी लिहिलं: स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय, वायसर बदलायला हवा.