ओपोलेचं लाल अंडं

नांदेडला लोककलेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तेव्हा पोलंडमधल्या ओपोले भागाचा स्टॉल माझ्या गळ्यात पडला. मी लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलते, एवढीच माझी लायकी. घरी लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा लागलेला. तीन दिवस तिला सोडून जायचं म्हणून निघतानाच मी सगळ्यांवर चिडचिड करून घेतली.

ओपोलेहून आलेल्या बाई साठीच्या पुढच्या, हसऱ्या. त्यांनी कापसात गुंडाळून चाळीस अंडी आणली होती. आतलं फुंकून काढलेली नुसती टरफलं. कांद्याच्या सालीच्या पाण्यात लाल रंगवायची आणि मग चाकूच्या टोकानं रंग खरवडून वेलबुट्टी काढायची, ही त्यांच्याकडची जुनी रीत. ते काम इतकं नाजूक, की मला वाटलं, गर्दी आवरणार नाही.

मग त्यांनी स्टॉलच्या तोंडाशी त्यांच्या ईस्टर सणाची टोपली मांडली. पाव, वाटीभर मीठ आणि मधोमध लाल अंडं.

झाडलोटीच्या मावशी आल्या आणि लांबच थबकल्या. "बाई, ते काय मांडलंय वो तिनं? भाकरी, मीठ, लाल अंडं. तिकाटण्यावर उतारा ठिवत्यात तसंच हाय की. म्या न्हाई झाडणार तिथं."

"मावशी, ती त्यांची कला आहे."

"आसंल. पर कुणावरून उतरलंय ते कुणाला ठावं?"

दुपारपर्यंत ही बातमी मांडवभर झाली. शेजारच्या स्टॉलवर झुंबड आणि आमच्यासमोरून लोक अंग चोरून जायचे. एका आईनं तर लेकराला दंडाला धरून ओढत नेलं. मी टोपली आत ठेवली, तर बाईंनी ती हसत पुन्हा पुढे आणली. पाहुण्यांच्या स्वागताची आहे, म्हणाल्या. एवढ्या लांबून आलेल्या बाईला कुणी फाडकन सांगितलं, की तुमच्या कलेला इथं करणी समजतात, तर?

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "आमचं काम लोकांना आवडत नाही का?"

"आमची माणसं लाजाळू आहेत," मी म्हणाले. मराठवाड्यातल्या माणसांना लाजाळू म्हणणारी मी पहिलीच असेन.

मग मात्र माझं डोकं फिरलं. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून मी अंडं दाखवायला लागले. "पोकळ आहे, बघा. काही होत नाही. शिकलेसवरलेले ना तुम्ही?" नायगावच्या एका गुरुजींना तर त्यांच्या विद्यार्थिनींसमोरच सुनावलं. बिचारे ओशाळले आणि सगळ्या वर्गाला आत घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पोरी बाईंच्या भोवती बसून अंडी खरवडत होत्या आणि बाईंचा चेहरा फुलला होता. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

निघताना त्यांनी टोपलीतलंच अंडं डबीत घालून माझ्या हातात दिलं. लेकीचं मी त्यांना सांगितलं होतं. "तिच्या उशाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे म्हणतात, हे असलं की घरात दुखणं येत नाही." माझे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं.

एसटीत डबी मांडीवर होती. टरफल आहे, कांद्याचा रंग आहे, असं मी लोह्यापर्यंत स्वतःला समजावलं. पण तीन दिवस किती जणांनी त्या अंड्याकडे बघून मनात काय काय आणलं असेल, हे काही डोक्यातून जाईना. अहमदपूरला लेकीचा फोन आला. "आई, पोट जरासं दुखायलंय. काही न्हाई, तू ये सावकाश." मी डबी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली.

लातूरला उतरले तेव्हा ऊन अजून होतं. आमच्या गल्लीच्या अलीकडे तिकाटणं आहे. तिथल्या लिंबाच्या बुडाशी मी अंडं ठेवलं, रिकामी डबी कुणी ओळखेल म्हणून पिशवीत टाकली आणि चालू लागले. उतारा ठेवल्यावर मागं वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही.

लेकीच्या पोटात गॅस धरला होता. ओवा खाल्ल्यावर तासाभरात बरं वाटलं.

नात आता तीन महिन्यांची आहे. परवा ओपोलेहून निरोप आला. बाळाचा फोटो पाठवा, उशाशी अंडं दिसेल असा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.