मावसाजींचं मत

आमच्या मावसाजींनी भिडेखातर एकाही सिनेमाला कधी चांगलं म्हटलं नाही. माणसांची भीड त्यांना पडायची, बैलाला ते घाबरायचे, मावशीला तर फारच. पण पडद्यावरच्या नटाला आणि तबकडीतल्या आवाजाला भ्यायचं त्यांना काही कारण दिसत नसे. डोणगावला त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि जेवायला मावशीकडे असे. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, गावात वीज यायची होती, आणि सिनेमा म्हणजे सुगी आटोपली की माळावर लागणारा फिरत्या टॉकीजचा तंबू. मावसाजी तंबूत सगळ्यांत पुढे, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि मत द्यायला सिनेमा संपायची वाट पाहत नसत. नायक नायिकेच्या खिडकीखाली गाऊ लागला की आवाज यायचा, "अबे हळू! तिचा बाप घरात हाय!" एकदा पांढऱ्याशुभ्र धोतरातला नायक नांगर धरून गात होता. मावसाजी ताडकन उभे राहिले. त्यांच्या पागोट्याची सावली नायिकेच्या तोंडावर पडली. "याले नांगर धरता येत नाई, अन् बैल तरी चालून राह्यले! बैलाईले तरी लाज पाहिजे होती!" शेवटी तंबूच्या मालकाने येऊन, हात जोडून त्यांना खाली बसवलं.

गाण्यांचंही तसंच. गावातल्या कापडवाल्या शेटजींकडे चावीचा फोनो होता. नवी तबकडी आली की मावसाजी पिशवीभर वांगी घेऊन ऐकायला हजर. डोळे मिटून ऐकत, अगदी मन लावून, आणि मग मळ्यातल्या भाषेत निकाल देत. एका फार गाजलेल्या गाण्याला म्हणाले, "पानी जास्त झालेलं वांगं हाय हे. दिसाले मोठं, चवीले काईच नाई." शेटजींनी हिरमुसून आपली सगळ्यांत आवडती तबकडी लावली. ती संपल्यावर मावसाजी आदबीनं म्हणाले, "शेटजी, दुसरी बाजू लावा. थे बरी असन."

"हीच दुसरी बाजू आहे," शेटजी म्हणाले.

"मंग तबकडी उभी ठेवा."

लोक हसायचे, शेटजीही हसायचे. पण शांताला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, सुलतानपूरचं स्थळ आलं तेव्हा मावशीचं हसू पळालं. मुलगा शिकलेला, शांताला मनातून पसंत. पाहुणे यायच्या सकाळी मावशीनं बजावलं, "पावन्याईसमोर सिनेमाचं नाव काढाचं नाई."

"मी काऊन काढू?" मावसाजी म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच काढलं नाही. काढलं ते मुलाच्या वडिलांनी. पोहे खाता खाता ते सांगू लागले की एक सिनेमा आपण एसटीनं बुलढाण्याला जाऊन सात वेळा पाहिला, आणि त्यातली आई मरते तेव्हा सातही वेळा रडलो. "तुमी पाह्यला का?"

"पाह्यला."

"कसा वाटला?"

दाराआड मावशीच्या बांगड्या वाजल्या. मावसाजींनी पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी ते बराच वेळ प्यायले. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "माय मरते थे ठीक हाय. पन मरता मरता पुरं गानं म्हनते. तीन कडवे! एवढा दम असन तं मरते काऊन?"

मुलगा फसकन हसला. बापानं त्याच्याकडे असं पाहिलं की घास त्याच्या घशातच अडकला. चहा न घेता पाहुणे उठले.

मावशीनं बोलणं टाकलं. शांताचे डोळे सुजलेले दिसत. मावसाजी दिवसभर विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसून राहायचे. मी भाकरी घेऊन गेलो तर म्हणाले, "चांगला हाय म्हनलं असतं तं काय बिघडत होतं बे माह्यं? पन तोंडातून निंगालंच नाई." त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

आठव्या दिवशी मुलाचे वडील एकटेच एसटीतून उतरले आणि तडक मळ्यात आले.

"काल आठव्यांदा पाह्यला. रडूच आलं नाई! कडवे मोजत बसलो. चांगल्या सिनेमाचं वाटोळं केलं तुमी माह्या." मावसाजी मान खाली घालून उभे. मग पाहुणे म्हणाले, "पन लेकीचं लगन मोडन हे दिसत असून ज्याले सिनेमाबद्दल खोटं बोलता येत नाई, थो पोरीबद्दल तरी काय लपवन? तारीख काढा."

मावसाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत त्यांनी विचारलं, "तीनच होते ना कडवे?"

"चार!" व्याही ओरडले.

लग्न थाटात झालं. शांता सुलतानपूरला गेली. पुढल्या सुगीनंतर तंबू लागला तेव्हा मी मावसाजींच्या शेजारी बसलो होतो. पडद्यावर नायक भर पुरात पोहत गात होता आणि त्याच्या डोक्यावरचा भांग जागचा हलला नव्हता. आजूबाजूच्या माना आपोआप मावसाजींकडे वळल्या. ते काहीच बोलले नाहीत. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मी विचारलं, "मावसाजी, कसा हाय?"

"बरा हाय."

बरा! सिनेमाबद्दल हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी काही विचारायच्या आत ते धोतराची माती झटकत म्हणाले, "मी काई बोललो की शांता हासे रे. तोंडाले पदर लावून, हळूच हासे."

मग दिवे मालवले, आणि ते पुन्हा गुडघे पोटाशी घेऊन पडद्याकडे पाहत बसले.