क्रियाशील मच्छीमार शालूबाई

अर्जदाराचे नाव: शालूबाई भ्र. पुंजाजी (मयत), रा. मोहखेड, ता. चिखली, जि. बुलडाणा. वय: आधार कार्डानुसार एकोणपन्नास, अर्जदाराच्या सांगण्यानुसार बहात्तरच्या दुष्काळात त्या रांगत होत्या. ओळखीची खूण: डाव्या अंगठ्यावर मासा कापताना झालेला जुना व्रण. मासेमारीचा अनुभव: तीस वर्षे, संपूर्णपणे कोरड्या जमिनीवर.

हा अर्ज मोहखेडच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे गेल्या उन्हाळ्यात आला. पुंजाजी कावीळ होऊन गेले आणि त्यांची सभासदाची जागा रिकामी झाली. जागा वारसाला मिळते, पण वारस 'क्रियाशील मच्छीमार' असावा लागतो. म्हणजे त्यानं स्वतः पाण्यावर जाऊन मासे धरले पाहिजेत. शालूबाईंनी तीस वर्षं जाळी विणली, फाटलेली सांधली, मासे निवडले, टोपलं घेऊन एसटीनं चिखलीच्या बाजारात नेले आणि विकले. रोहू कोणता नि कटला कोणता, हे त्या डोळे मिटून नुसत्या हातानं सांगतील. पाण्यावर मात्र त्या कधी गेल्या नव्हत्या. मोहखेडला जिथं पाणी सुरू होई, तिथं बायकांचं काम संपायचं. असा नियम कोणी केलेला नव्हता, त्यामुळे तो बदलण्यासाठी कोणाकडे जावं हेही कोणाला माहीत नव्हतं.

संस्थेनं त्यांना चार महिने दिले. तेवढ्या मुदतीत एकटीनं तराफा वल्हवत धरणाच्या मध्यावर जायचं, लावलेलं जाळं उचलायचं आणि परत यायचं, एवढं शिकून समितीला करून दाखवायचं होतं. नाही जमलं तर जागा पुंजाजींचे थोरले चुलतभाऊ भागवत यांना. मग शालूबाईंना त्याच धरणातला मासा भागवतकडून मागून घेऊन विकावा लागला असता. 'मागून' हा शब्द त्यांना पसंत नव्हता.

शिकवायला कडूबा तयार झाले. नात्यानं चुलत सासरे, वय सत्तरीपुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मोहखेडचा तराफा म्हणजे थर्माकोलच्या लाद्या खताच्या पोत्यांत भरून नायलॉनच्या दोरीनं आवळलेलं, दाराच्या फळीएवढं प्रकरण. त्यावर मांडी घालून बसायचं, दोन हातांत दोन रबरी चपला घ्यायच्या आणि पाणी मागं लोटायचं. वल्ही विकत मिळतात असं मोहखेडनं ऐकलं आहे. पण चपला घरात असतातच.

पहिल्या दिवशी कडूबा काठावरच्या दगडावर बसले आणि शालूबाई तराफ्यावर.

"मामाजी, खाली किती पाणी असन?"

"तुले खाली जायचं हाय का पुढं?"

"पुढं."

"मंग पुढचं इचार."

त्यांनी पुढचं विचारलं. "मासोया झोपतात का वो, मामाजी?"

"मी काय त्यायच्या घरी मुक्कामाले गेल्तो?"

तीस वर्षं माल हातात येत होता, पण तो येतो कुठून ते शालूबाईंनी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्याकडे प्रश्नांचा साठा मोठा होता. तराफा मात्र जागच्या जागी गोल फिरत होता. असे चार दिवस गेले. कडूबांना आधी थर्माकोलचा संशय आला. त्यांनी पोती सोडून पुन्हा बांधवली. मग चपलांचा आला. त्या बदलून झाल्या. संस्थेचे अध्यक्ष रामराव, नात्यानं तेही सासरेच, सहज म्हणून आले होते. धरणाच्या त्या भागात भोवरा असावा, असं मत देऊन ते निघून गेले.

पाचव्या दिवशी कडूबांना दिसलं, की शालूबाईंचा उजवा हात पाण्यात आहे आणि डावा डोक्यावर. सासऱ्यापुढे डोक्यावर पदर हवा, धरणावर वारा असतो, म्हणून एक हात पदर धरून होता. त्या हातातली चप्पलही डोक्याशीच होती.

"अवं, तो हात खाली घे ना!"

"पदर उडते."

"मंग उडू दे."

"तुमच्यासमोर?"

पिन लावून पाहिली. हात पुढे गेले की पदर मागं ओढला जाई आणि पिनेला केस येत. शेवटी कडूबा उठले, पाण्याकडे पाठ केली आणि मागच्या मक्याच्या शेताकडे तोंड करून बसले. तिथून ते नुसत्या आवाजावर शिकवू लागले.

"उजवा जोरात मारून राह्यली तू. छपाक नको. सपक पाह्यजे, सपक."

तराफा सरळ निघाला. महिनाभरानं शालूबाई मध्यावर पोचल्या आणि तिथून त्यांनी ओरडून सांगितलं, "मामाजी, आपलं घर किती बुटकं दिसते इथून!"

"घराकडं काऊन पाह्यतं? जाळ्याकडं पाय!"

"मागच्या टिनावर चादर पडेल हाय माही! तरीच सापडून नाही राह्यली!"

पाहणी भाद्रपदात ठरली. मत्स्यव्यवसाय खात्याच्या मयुरी मॅडम बुलडाण्याहून आल्या आणि येताना नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट घेऊन आल्या. ते घातल्याशिवाय पाण्यावर जाता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. समितीत तिघे होते: अध्यक्ष रामराव, कडूबा आणि भागवत. शिक्षकही परीक्षक होता आणि प्रतिस्पर्धीही परीक्षक होता. त्यामुळे समिती निःपक्षपाती आहे, असं रामराव म्हणत.

जॅकेटचे पट्टे आवळले, तसा पदर त्याखाली दबला. तो खांद्यापर्यंत येई, डोक्यापर्यंत पोचेना. शालूबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या, एक हात उघड्या डोक्यावर. समोर दोन सासरे आणि एक भासरा, म्हणजे थोरला दीर. एका हातानं वल्हवलं तर तराफा फिरणार गोल, आणि तो गोल फिरला की जागा भागवतची.

"काय झालं?" भागवत कडूबांकडे पाहून बोलले, कारण भासरा भावजयीशी थेट बोलत नाही. "जमत नसन तर मॅडमले सांगून टाका म्हणा."

कडूबा वळले आणि मक्याकडे तोंड करून बसले. रामराव दोन क्षण घोटाळले, मग तेही वळले. भागवत तसेच उभे.

"भागवत," कडूबा मक्याला उद्देशून म्हणाले, "सून उघड्या डोक्यानं हाय. भासरा हायेस ना तू?"

"पण मी समितीत हावो!"

"समितीत तू आजचा. भासरा लगनापासून."

भागवत वळले. आता पाण्याकडे पाहणारं काठावर एकच माणूस उरलं.

"मॅडम, काय चाललं ते सांगत राहा," रामराव म्हणाले.

माशांचे अकरा रोग मयुरी मॅडम नुसत्या खवल्यांवरून ओळखत, पण धावतं वर्णन करण्याची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती. "निघाल्या. दोन्ही हातांनी. सरळ जातायत."

"छपाक का सपक?" कडूबांनी विचारलं.

"काय?"

"राहू द्या."

"पोचल्या. जाळ्याच्या बाटल्या तरंगतायत तिथं आहेत. जाळं उचलतायत." मॅडम थांबल्या. "ओढतायत, पण येत नाहीये. तराफा एका अंगाला कलतोय."

कडूबांची मान अर्धी वळली आणि परत मक्यावर आली. भागवतनी पंचवीस वर्षं पुंजाजींच्या जोडीनं त्याच जागी जाळी लावली होती. त्यांना राहवलं नाही.

"बाभयीत गुतलं," ते मक्याला म्हणाले. "जुनी बाभूय हाय तिथं पाण्यात. सामोरून ओढलं तं जाळं फाटते. मांगून जाऊन वरतं उचला म्हणा."

कडूबांनी मान न वळवता तेच जोरानं ओरडून सांगितलं.

"मागं जातायत... वाकल्या... सुटलं!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग आपण अधिकारी आहोत हे आठवून थांबल्या.

शालूबाई दोन कटला, सात चिलापी, एक खेकडा आणि बरंच शेवाळ घेऊन काठाला लागल्या. त्यांनी जॅकेट काढलं, पदर डोक्यावर घेतला, आणि मग समिती वळली. मॅडमनी कागद पुढे केला. रामराव आणि कडूबांनी सह्या केल्या.

"मी सही करत नाही," भागवत म्हणाले. "मी डोळ्यानं काहीच पाह्यलं नाही."

कायद्याच्या दृष्टीनं त्यात खोट काढायला जागा नव्हती. मॅडमनी विचारलं, "मग बाभळीतलं जाळं कसं सोडवायचं, हे मघाशी तुम्ही कोणाला सांगत होतात?"

तेव्हा शालूबाई पदराआडून कडूबांना म्हणाल्या, "मामाजी, त्यायले म्हणा, ती बाभूय नेमकी कुठून कुठवर हाय ते एकडाव नीट सांगून द्या. मले आता रोज जायचं हाय."

भागवतनी टोपल्यातल्या कटल्याकडे पाहिलं. मोठा होता.

"त्या आंब्याच्या सरळ रेषेत," ते कडूबांना म्हणाले, "तिथून डाव्या अंगाले दहा हात. उन्हाळ्यात शेंडा उघडा पडते, तवा दाखवून द्या तिले." आणि त्यांनी पेन मागितला.

शालूबाई दिवाळीच्या आत सभासद झाल्या. त्यांच्या कागदांत समितीचा अहवाल आहे: 'अर्जदार महिलेने तराफ्याच्या साहाय्याने जलाशयाच्या मध्यभागी एकटीने जाऊन जाळे उचलून दाखविले. सदर बाब समितीच्या तिन्ही सदस्यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून खात्री केली असून, अर्जदार क्रियाशील मच्छीमार असल्याबाबत समितीचे एकमत आहे.'

तिघांची तोंडं त्या वेळी मक्याकडे होती.