वाटाण्याएवढी पेस्ट

मुलीच्या कॉम्प्युटरचं वाटोळं जावयाने केलं, असं अमेरिकेतल्या कॅरी गावातली आमची सगळी मित्रमंडळी मानतात. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणांत मुलगीच ती गोष्ट रंगवून सांगत आलीय. लोक हसतात, जावईही हसतो आणि मी ताटातल्या भाताकडे बघतो. खरं काय घडलं ते आता लिहून टाकतो.

तिचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. जावयाने काही वर्षांपूर्वी एका रविवारी तो उघडला. आधी प्लग काढला, मग चिपवरची वाळलेली जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून काढली. चिपची उष्णता वरच्या पंख्याच्या धातूत जावी म्हणून मध्ये ही पेस्ट लागते. मधोमध वाटाण्याएवढीच ठेवायची, पंखा दाबला की ती आपोआप पसरते, असं त्याने मला समजावलं. तेवढ्यात फोन आला आणि तो बाहेर गेला.

वाटाण्याएवढी म्हणे. आमच्या घरात जावयाच्या पुरणपोळीवर तूप वाढताना कुणी कधी हात आखडला नाही. शिवाय माझी हयात कारखान्यातल्या यंत्रांना ग्रीस भरण्यात गेलेली. मी सगळी ट्यूब पिळली, चमच्याने सारवली, वर पंखा बसवून स्क्रू आवळले.

"किती लावली, बाबा?" त्याने आल्यावर विचारलं.

"बेताची."

कॉम्प्युटर सुरूच होईना. त्याने पंखा उचलला, तर पेस्ट चिपच्या कडांवरून खालच्या बारीक पिनांत उतरलेली. नेमकी तेव्हाच मुलगी आत आली. पंखा त्याच्या हातात. पूर्ण ट्यूब ओतलीस का, म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी माहितीपत्रकातला चिनी मजकूर वाचत होतो.

सासऱ्याचं नाव घेणं त्याला जमलं नाही. तेव्हापासून ती त्याला टोस्टरसुद्धा उघडू देत नव्हती.

परवा ती नवा कॉम्प्युटर तयारच मागवत होती. त्याला तो स्वतः जोडायचा होता, पण तो नुसतं "बरं" म्हणाला. ते "बरं" मला सोसवेना. जेवता जेवता सगळं सांगून टाकलं.

मुलीने हातातला घास ताटात ठेवला. "बाबा, सीरियसली? इतकी वर्षं मी ह्याला बोलतेय."

तिने ऑर्डर कॅन्सल केली. सुटे भाग आले. जोडायला बसताना जावयाने माझ्याकडे टॉर्च दिला.

"दोन्ही हातांनी धरा, बाबा."

मी धरला. पेस्टची ट्यूब त्याने आधीच खिशात टाकली होती.